निजवलेली माती

तलावाचा दरवाजा गंजून अडकला, म्हणून त्या उन्हाळ्यात तलाव पार रिकामा करायचं ठरलं. पाणी उतरायला लागलं तसं गाव काठावर जाऊन बसायला लागलं. बहुतेकांनी जन्मात तळ बघितला नव्हता. रोज थोडी थोडी जमीन उघडी पडायची, आणि पोरंबाळं, म्हातारेकोतारे, कामं टाकून आलेले बापये टक लावून बघत राहायचे. कुणाला बुडालेली होडी सापडायची होती, कुणाला आजीचा पडलेला हंडा. प्रत्येकाच्या मनात काहीबाही होतंच.

कुंभाराच्या घरातून मात्र कुणी गेलं नाही. त्या घराचं आपलंच दुखणं पुष्कळ होतं. माळावरची मातीची खाण संपत आली होती. फावड्याला माती कमी आणि मुरूम जास्त लागायचा. सून ती माती दोनदोनदा चाळायची, पायांनी तुडवायची आणि रात्रभर ओल्या पोत्याखाली निजवायची. माती निजवणं हा त्या घरातला शब्द. तुडवलेली माती झोपली नाही तर चाकावर हट्ट करते, हे तिला या घरात आल्याबरोबर शिकवलं होतं. सकाळी ती चिमूटभर माती दाताखाली धरायची आणि कचकच लागली की थुंकून म्हणायची, "रात्रभर घोरत पडली, पण अंगचा गुण काही गेला नाही."

त्या दिवशी मडकी भाजायचा आवा उघडला तर निम्मी मडकी तडकलेली. नवऱ्याने एकेक उचलून टिचकी मारून बघितली. बद्द. दुसरं, बद्द. मग त्याने टिचक्या मारणंही सोडलं आणि राखेचे हात तसेच घेऊन ओट्यावर येऊन बसला.

"कौलांच्या कारखान्यात माणसं घेतायत," तो म्हणाला. "मी हो म्हणून आलोय. पावसाच्या तोंडाला हजर व्हायचं."

"आणि चाक?" सुनेने विचारलं.

"हॉटेलवाल्याला देतोय. त्याच्या बागेत मांडणार आहे म्हणे. वर फुलांची कुंडी ठेवणार."

ज्या चाकावर आजवर कुंड्या घडल्या त्याच्याच डोक्यावर आता एक कुंडी बसणार, आणि तीही बहुतेक प्लास्टिकची. पण नवऱ्याच्या राखेच्या हातांकडे बघून तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. तो काही हौसेने निघाला नव्हता.

भिंतीला टेकून बसलेला म्हातारा सासरा मग बोलला. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आला होता. उजेड-अंधार कळायचा, बाकी सगळं बोटांवर. "तलाव उतरलाय म्हणतात. काळा खडक दिसायला लागला का?"

नवऱ्याने कपाळाला हात लावला. पुढे काय येणार ते त्याला पाठ होतं. सगळ्या गावालाच पाठ होतं.

म्हाताऱ्याचं म्हणणं असं, की तलाव झाला त्याच्या आधी कुंभारांची खरी खाण तिथे होती, काळ्या खडकाच्या पायथ्याशी. लोण्यासारखी माती. तो लहान असताना त्याची आई खाणीतच माती तुडवायची, तिथेच पोत्याखाली निजवायची आणि दुसऱ्या दिवशी घरी आणायची. एके दिवशी तिने असाच एका खेपेच्या मातीचा मोठा घाणा तुडवला, पोती टाकली आणि म्हणाली, राहू दे, उद्या नेऊ. त्याच रात्री बांधाचा दरवाजा पहिल्यांदा लावला. पाणी पावसाळ्यात साठेल असं सगळ्यांना सांगितलेलं, पण वर कुठेतरी वळीव कोसळला आणि सकाळी खाणीच्या जागी पाणी होतं. आई काठावर उभी राहून बघत राहिली. पुढे ती फार जगली नाही, पण जगली तोवर अधूनमधून म्हणायची, माझी माती राहिली.

ही गोष्ट म्हाताऱ्याने इतक्यांदा सांगितली होती की गावात तिची म्हणच झाली. कुणी पोराच्या नोकरीची किंवा नव्या रस्त्याची थाप मारली की चहावाला कप विसळता विसळता म्हणायचा, "ही म्हाताऱ्याची खाण दिसते!" आणि बाकावरची सगळी हसायची. म्हातारा समोर असला तरी हसायची. म्हातारा नुसता हात झटकायचा. सुनेला ते हसणं काट्यासारखं रुतायचं, पण खरं सांगायचं तर तिचाही त्या गोष्टीवर अर्धाच विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी ती पाण्याच्या निमित्ताने निघाली आणि सरळ तलावावर गेली.

बांधावर चढली आणि तिथेच थबकली. एवढी मोठी पोकळी तिने कधी बघितली नव्हती. जिथे नजर पाण्यावर टेकायची तिथे आता नजर खाली, खाली जात होती. तळाचा चिखल वरून वाळून भेगाळला होता. मधून एक ओढा वळणं घेत चालला होता, जणू मधली सगळी वर्षं त्याला कुणी अडवलंच नव्हतं. ओढ्याने जुन्या वाटेने जाताना गाळ उभा कापला होता आणि त्या कापलेल्या भिंतीत आडव्या रेघा होत्या. पिवळी, करडी, काळी, परत करडी. आणि पलीकडे, ओढ्याच्या वळणावर, एक काळा खडक मान वर काढून उभा होता.

"आबा," घरी येऊन ती सासऱ्याच्या कानाशी म्हणाली, "खडक आहे."

म्हाताऱ्याचे हात मांडीवर माती मळल्यासारखे हलायला लागले.

नवऱ्याला खाणीशी देणंघेणं नव्हतं, पण गाळ बघून त्याच्यातला कुंभार जागा झाला. तलावाचा चौकीदार म्हणाला, न्या लागेल तेवढा, तेवढाच तलाव खोल होईल. नवऱ्याने काठावरचाच मऊ गाळ हातगाडीत भरून आणला. सुनेने दाताखाली धरला. कचकच नाही. परत धरला. नाहीच.

"साय आहे नुसती," ती म्हणाली.

नवरा कितीतरी दिवसांनी हसला. "आणि आबांना हवी तळातली खाण. अहो आबा, वरच साय आहे, तळाला जाऊन खरवड कशाला खायची?"

"तलावाची माती ओळखीची नाही," म्हातारा पुटपुटला. "जपून."

पण माती चाकावर छान चढली. मडकी सरळ, पातळ, देखणी. आव्यातून निघाली ती एकही न तडकता. नवऱ्याने टिचकी मारली तर टण्ण वाजलं. त्याने बायकोकडे बघितलं, बायकोने त्याच्याकडे. चाकाचं नाव कुणी काढलं नाही, पण दोघांच्याही मनात तेच होतं. मडकी पडवीत रचून ठेवली आणि शेजारीपाजारी येऊन बघून गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी सून पडवीत झाडत होती. टक् असा आवाज झाला. पाल असेल म्हणून तिने वर बघितलं. परत टक्. मग दुसऱ्या कोपऱ्यातून. एका मडक्याच्या पोटावरून नखाएवढी खपली उडून तिच्या पायाशी पडली. ती झाडू धरून तशीच उभी राहिली आणि तिच्यासमोर एकामागून एक मडकी खपल्या टाकत गेली. देवी आलेल्या माणसाच्या तोंडावर खड्डे पडावेत तसे खड्डे पडत गेले.

म्हाताऱ्याने एका खड्ड्यात बोट घातलं. आत पांढरा कण होता. त्याने तो जिभेला लावला. "चुना. गाळात शिंपल्या होत्या. कुजून पीठ झालेल्या, म्हणून दाताला लागल्या नाहीत. आव्यात भाजल्या, त्यांचा चुना झाला. आता ओल लागून फुगतोय."

सुनेने कपाळावर हात मारून घेतला. आजवर तिच्या दातांनी कधी दगा दिला नव्हता. दात वाळू ओळखतात, पण कुजलेली शिंपली वाळूसारखी लागत नाही, हे कुणाला ठाऊक! या घरात शिंपलीची माती कधी आलीच नव्हती. नवऱ्याने सगळी मडकी उकिरड्यावर नेऊन टाकली. चहाच्या टपरीवर बातमी त्याच्या आधी पोचली होती. "काय रे," चहावाला म्हणाला, "मडकी फुटतायत का फुटाणे?"

नवरा घरी येऊन म्हणाला, "गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. आता माझ्यापुढे तलावाचं नाव काढायचं नाही."

सुनेने नाव काढलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ती कुदळ-फावडं घेऊन एकटीच निघाली. कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येणारच, असं चौकीदार तिला बघून हसत म्हणाला. ती म्हणाली, "उकिरड्यावर जाऊन आले, दादा. आता तळात चाललेय."

तळात आधीच एक बाई होती. डोक्याला रुमाल, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आणि हातात पुरुषभर उंचीची पोकळ नळी. ती नळी गाळात ठोकायची, मग हळूच वर ओढायची आणि आतला गाळ लांबलचक काकडीसारखा एका पन्हळीत काढायची. तलाव किती भरत आला ते मोजायला ती शहरातून आली होती. गावाने तिचं नाव नळीवाली ठेवलं होतं.

सुनेने तिला फुटलेल्या मडक्याची खपली दाखवली. नळीवालीने ती डोळ्यांपाशी धरली आणि तिचे डोळे चमकले. "गोगलगायींच्या शिंपल्या आहेत, ताई, पाण्यातल्या. बारक्या बारक्या. या बघा." तिने गाळाची काकडी मधून चिरली आणि बोटाने दाखवत गेली. "प्रत्येक पावसाळ्याची एक जोडी असते. पुराचं पाणी येतं तेव्हा आधी जाड वाळू बसते. मग पाणी शांत झालं की वर बारीक माती बसते. जाड, बारीक. जाड, बारीक. एक जोडी म्हणजे एक वर्ष."

सून वाकली. एकसारख्या वाटणाऱ्या चिखलात वर्षं होती. एकावर एक, रचलेल्या भाकरींसारखी, आणि कुणीही ती मुद्दाम रचली नव्हती.

"हा जाडजूड पट्टा कसला?"

"मोठा पूर. एका पावसात एवढं आलंय."

सुनेने मनात मोजलं. जोड्या मोजत मोजत वरून खाली आली आणि एकदम हसली. "माझं लग्न झालं ते वर्ष. वऱ्हाड तीन दिवस ओढ्यापलीकडे अडकलं होतं. सगळ्यांनी मलाच बोल लावला, पायगुण म्हणून."

"मग हा तुमचाच पट्टा," नळीवाली म्हणाली, आणि दोघी हसल्या.

मग सुनेने तिला खाणीचं सांगितलं. हसेल म्हणून आधीच मान खाली घातली होती. पण नळीवाली हसली नाही. तिने विचारलं, "तलावाच्या आधीची माती म्हणजे तिच्यात पाण्यातल्या गोगलगायी नसणार. नेमकं कुठे?"

"आबा सांगतात, खडकाला पाठ लावायची, समोरच्या दोन टेकड्यांमधल्या खिंडीकडे तोंड करायचं, आणि उजव्या हाताला."

नळीवालीने तिथे नळी ठोकली. पहिल्यांदा थोड्याच खोलीवर पिवळा मुरूम लागला. थोडी सरकून ठोकली, परत मुरूम. सूर्य डोक्यावर आला. तिसऱ्या जागी नळी जात राहिली, जात राहिली, वरून जोडनळी लावावी लागली तरी जात राहिली. वर काढली तेव्हा नळीच्या टोकाला, सगळ्या पट्ट्यांच्या खाली, बोटभर काळपट पापुद्रा आणि त्याखाली निळसर, तुळतुळीत माती. एक कणही नाही तिच्यात.

"इथे तळ अचानक खाली गेलाय," नळीवाली हळू आवाजात म्हणाली. "हा खड्डा आहे, ताई. माणसाने केलेला."

सुनेने ती निळी माती दाताखाली धरली, आणि नळीच्या टोकातली उरलेली चिमूट काढून घेतली.

ती चिमूट तिने पदरात बांधून आणली. नवरा जेवत होता. त्याच्या ताटाशेजारी तिने ती ठेवली आणि बाजूला झाली. त्याने बोटात घेऊन चुरगळली. वळी केली, वाकवली. वळी मोडली नाही. त्याने परत वाकवली. मग जेवण तसंच ठेवून उठला आणि भिंतीकडे गेला.

"आबा, हात पुढे करा."

म्हाताऱ्याने ती माती अंगठ्याने एकदाच दाबली. "कुठे मिळाली?" त्याने विचारलं, पण उत्तराची वाट बघितली नाही. त्याच्या पडद्याआडच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

"ही जुनी माती आहे एवढंच कळलंय," नवरा म्हणाला. आवाज मुद्दाम कोरडा ठेवला होता. "दरवाजा बसवत आणलाय. बसला की वरच्या बंधाऱ्यात अडवलेलं पाणी सोडणार. तोवर खणू. मिळाली तर मिळाली. नाहीतर मी कारखान्यात जाणार, आणि मग मला कुणी खाणीची गोष्ट सांगायची नाही."

दोघं खणायला लागली. गाळ खणणं मुरूम खणण्यासारखं नाही. कुदळ मारली की रुतते, काढायला गेलं की चिखल धरून ठेवतो. सरळ खाली गेलं तर भिंती अंगावर येतात, म्हणून पायऱ्या पायऱ्यांनी रुंद खणायचं. नवरा कापायचा, सून घमेलं वर न्यायची. पहिल्या संध्याकाळी तिच्या मांड्या थरथरायला लागल्या. दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या तळहातावरचे फोड फुटले, त्यावर त्याने चिंध्या गुंडाळल्या. काठावर माणसं येऊन बसायची. "पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल!" कुणीतरी ओरडायचं. दुसरा म्हणायचा, "अरे, खणू दे. घोड्याची शिंगं सापडतील." नवऱ्याचे कान लाल व्हायचे आणि कुदळ आणखी जोरात पडायची.

पण खाली जाता जाता एक गंमत झाली. नवरा थांबून थांबून भिंतीकडे बघायला लागला. लग्नाचा पट्टा गेला. त्याच्या खाली एक काळी रेघ लागली, नखाएवढी. नळीवाली येऊन म्हणाली, वरचं रान जळलं होतं त्याची राख. नवरा म्हणाला, "मी जन्मलो त्या साली डोंगर पेटलेला. आई सांगायची, बाळंतिणीच्या खोलीत धूर आला म्हणून." त्याने चिंधी बांधलेलं बोट त्या रेघेवरून फिरवलं आणि कितीतरी वेळ काढलंच नाही.

आणखी खाली एक थर असा लागला की त्यात उभ्या भेगा, आणि भेगांमध्ये वरच्या थराची वाळू उतरलेली. "इथे तलाव एकदा पूर्ण सुकलाय," नळीवाली म्हणाली. "जमीन फाटली, आणि पुढच्या पावसाने भेगा भरल्या." सुनेने भेगेत करंगळी घातली. कुठल्या तरी उन्हाळ्याचं ते तहानलेलं तोंड अजून उघडं होतं. त्या उन्हाळ्यात जी माणसं तडफडली असतील, ज्यांना पाण्यापुढे मातीची आठवणही झाली नसेल, ती बहुतेक गेली, त्यांची गुरं गेली, आणि भेग राहिली. तिला वाटलं, आपण खणत नाही आहोत, आपण कुणाच्या तरी घरात जिना उतरतोय. पाय जपून टाकायला हवेत.

"तुम्ही कधी एवढं बघितलं होतं?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मी फक्त मडकी बघितली," तो म्हणाला.

दरवाजा बसवणाऱ्यांनी सांगितलं, उद्या संध्याकाळी पाणी सोडणार. दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने बापाला पाठीवर घेतलं आणि तळात उतरवून खड्ड्याच्या पायरीवर बसवलं. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते समोर होतं आणि म्हाताऱ्याला दिसत नव्हतं. तो नाकाने जोरजोरात वास घेत बसला.

शेवटच्या थराखाली काळपट पापुद्रा लागला तेव्हा नवऱ्याने कुदळ टाकली आणि हातांनी गाळ काढायला सुरुवात केली. पापुद्रा सोलला गेला. त्यावर उभ्याआडव्या बारीक रेघा होत्या.

"पोतं आहे हे," सून म्हणाली. "आबा, पोतं आहे. कुजलंय, पण वीण उमटलीय."

पोतं होतं म्हणूनच गाळ मातीला चिकटला नव्हता. तो सायीसारखा उचलला जात होता. दोघांनी गुडघ्यांवर बसून सगळं सोललं. खाली निळसर मातीचा मोठा, गोल, चपटा घाणा होता, आणि त्यावर टाचा. कडेपासून सुरू होऊन गोल गोल आत जाणाऱ्या टाचा, एकीला लागून एक, मधल्या टोकापर्यंत. सून रोज सकाळी अंगणात तशीच तुडवायची. कडेने सुरुवात, गोल फिरत आत. अगदी शेवटी, मधोमध, एक पूर्ण पाऊल उमटलं होतं, तुडवणारी बाई तिथून उडी मारून बाहेर पडली होती तेवढं.

काठावरची माणसं खाली आली होती. चहावालाही होता. कुणी हसलं नाही. नळीवालीने डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला होता.

"कुणाच्याही टाचा असतील," नवरा कसाबसा म्हणाला. त्याला विश्वास ठेवायची भीती वाटत होती.

म्हातारा म्हणाला, "मधोमध शेवटचं पाऊल असेल. डावं आहे?"

"डावं," सून म्हणाली.

"करंगळी बघ."

सून वाकली. अंगठा होता. त्याच्या शेजारची तीन बोटं होती. पुढे माती सपाट होती. तिने परत बघितलं, बोट फिरवून बघितलं.

"करंगळी नाही, आबा."

"फावड्याने तुटली होती," म्हातारा म्हणाला. "माझ्या जन्माच्या आधी. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय करायचं होतं? आईचा पाय होता."

नवरा उठून पायरीशी गेला. त्याने बापाचा हात धरला, त्याला पायरीवरून खाली घेतलं आणि ती म्हातारी बोटं त्या पावलात ठेवली. म्हाताऱ्याने टाचेपासून बोटांपर्यंत पाऊल चाचपलं, लहान मुलाचं तोंड चाचपावं तसं. त्याच्या आईचं वय त्या पावलात होतं तेवढंच राहिलं होतं, आणि तो तिच्या बापाएवढा म्हातारा झाला होता. सून पदर तोंडात धरून रडत होती. तिने चप्पल काढली आणि आपलं डावं पाऊल शेजारी, न टेकवता, धरून बघितलं. लांबी तेवढीच. टाच तशीच, भेगाळलेली, बाहेरच्या बाजूने झिजलेली. माती तुडवणाऱ्या बाईची टाच तशीच होते.

"उचला आता," म्हातारा म्हणाला. "संध्याकाळी पाणी येईल."

"आबा, हे कसं उचलायचं?" सून म्हणाली. "यावर फावडं कसं मारायचं? राहू दे ना असंच."

"राहू देऊन काय होणार? ती राहू दे म्हणाली आणि राहिली." म्हाताऱ्याने डोळे पुसले. "बघत बसायला नाही तुडवली तिने. चाकावर जायला तुडवली. चल, उचल."

तारेने कापून, लाद्या पाडून त्यांनी ती माती उचलली. मग घाण्याच्या खालची, भोवतीची, न तुडवलेली निळी माती. चहावाल्याने टपरीची हातगाडी आणली, न सांगता. काठावर हसलेली सगळी माणसं ओळीने उभी राहिली आणि घमेली हातोहात वर जात राहिली. संध्याकाळी ओढ्याच्या वरच्या अंगाने पाणी आलं तेव्हा माती काढून काढून खाणीच्या दोन भिंती बऱ्याच मागे सरकल्या होत्या आणि कुंभाराच्या अंगणात, परसात, गोठ्यात मातीचे ढीग होते. पाणी आधी खड्ड्यात उतरलं. तिथे क्षणभर गोल फिरलं आणि मग वर यायला लागलं.

सकाळी सुनेने त्या लाद्या पोत्यातून काढल्या आणि साडी खोचली. "तुडवू?"

"तुडवलेली माती परत तुडवतात होय?" म्हातारा म्हणाला.

"कितीतरी वर्षं झाली, आबा."

"मग निजलीसुद्धा तेवढीच."

नवऱ्याने गोळा चाकावर ठेवला. काठीने चाक फिरवलं, हात ओले केले आणि मातीवर टेकवले. रोज माती आधी त्याच्याशी भांडायची. आज ती उठली. त्याने हात वर नेले तशी ती मागोमाग वर आली, मानेपर्यंत, ओठापर्यंत, कुठेही न अडखळता. त्याने हात काढून घेतले आणि चाक थांबेपर्यंत नुसता बघत राहिला.

"काय झालं?" सून घाबरून म्हणाली.

"काही नाही. हिला सगळं माहीत आहे."

त्याच वेळी दारात टेम्पो थांबला. हॉटेलवाल्याचा माणूस दोरखंड घेऊन आत आला आणि म्हणाला, चाक न्यायला आलोय. नवऱ्याने दुसरा गोळा घेतला. "चाक फिरतंय," तो मान वर न करता म्हणाला. "फिरतं चाक बागेत कसं मांडणार? मालकाला सांगा, कुंडी हवी असेल तर करून देतो. चांगली मोठी."

टेम्पो गेला तसा म्हातारा खुदकन हसला.

पण खरी परीक्षा पुढेच होती आणि ती तिघांनाही ठाऊक होती. आवा लावला, आवा उघडला. एकही मडकं तडकलं नव्हतं, पण आता त्यावर कुणी भाळणार नव्हतं. मडकी पडवीत रचली आणि तिघं समोर बसली. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी कुणी जेवलं नाही. बाहेर आभाळ भरून आलं होतं, हवेत ओल होती, म्हणजे चुना फुगायचा असेल तर आजच. सुनेने झाडू हातात घेतला नाही. नवऱ्याने श्वाससुद्धा जपून घेतला. पाल चुकचुकली तशी तिघंही दचकली.

आवाज आला नाही.

संध्याकाळ होत आली. तलाव निम्म्याहून जास्त भरला होता आणि तिकडून थंड वारा येत होता. म्हातारा सरकत सरकत मडक्यांपर्यंत गेला. एकाच्या पोटाला कान लावून बसला, बराच वेळ. मग टिचकी मारली. ते वाजलं आणि वाजत राहिलं. त्याने दोन्ही हातांनी ते मडकं उचलून मांडीवर घेतलं.

"आई," तो मडक्याला म्हणाला, "जरा उशीर झाला गं. पण आणली."